खोबऱ्यावर बसलं चाक

सांगतो, सांगतो. बाही ओढू नका. काल सांगितली, तरी आज पुन्हा हीच पाहिजे. माझा घसा म्हणजे काय चौकातला नळ आहे? मांडी घाला. मध्येच 'का' विचारायचं नाही. विचारलंत की मी उठलो.

एक होती मुंगी. काळी. तिळाएवढी.

दसऱ्याचा दिवस होता. दामूअण्णांनी आपली गाडी धुतली. गाडी निळी, छोटी आणि म्हातारी. पुढच्या जाळीवर त्यांनी झेंडूची माळ बांधली. केवढी? नवरदेव लाजेल एवढी. मग गाडीपुढं नारळ फोडला. फाट्.

खोबऱ्याचा एक तुकडा उडाला, तो पडला थेट मुंगीपुढं. मुंगी खूश. घरी पोरं उपाशी होती. ती तुकडा ओढू लागली. हुश्श हुश्श. हुश्श हुश्श.

पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी त्यावरून न्यायची, ही रीत. दामूअण्णांची बायको, पारूकाकू, गाडीत बसल्या. त्यांनी सेल्फ मारला. घर्रर्र. लिंबू फुटलं. पचक. गाडी वीतभर पुढं गेली. फुस्स. बंद.

कुठं बंद पडली? बरोबर मुंगीच्या खोबऱ्यावर.

दामूअण्णांनी टोपी मागं सारली आणि सांगून टाकलं, बॅटरी गेली. काकूंनी पुन्हा सेल्फ मारला. खुर्र खुर्र फुस्स. काकू म्हणाल्या, "बॅटरी गेली असती, तर खुर्र तरी झालं असतं का हो?"

अण्णा कुणाचं ऐकतात? बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या वायरी हलवत बसले.

मुंगी गेली चाकाकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"चाकदादा, चाकदादा, हल की जरा.
खोबरं मिळेना."

चाक म्हणालं, "मी नाही हलत. इंजिन फिरेल, तेव्हा मी हलेन."

मुंगी गेली इंजिनाकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"इंजिनकाका, इंजिनकाका, फिर की जरा.
चाक हलेना,
खोबरं मिळेना."

इंजिन खोकलं. खुर्र खुर्र फुस्स. म्हणालं, "मी नाही फिरत. बॅटरी ठणठणीत आहे. ठिणगी पडते आहे. पेट्रोल पोटभर आहे. पण वाराच येत नाही, बाई. नळी श्वास घेईल, तेव्हा मी फिरेन."

नळी म्हणजे गाडीचं नाक. जाळीच्या मागंच असतं. मुंगी गेली नळीकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"नळीताई, नळीताई, श्वास घे की जरा.
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
खोबरं मिळेना."

नळी म्हणाली, "बी दाही घेत. दाक चोंदलंय. बाळ दिघेल, तेव्हा बी श्वास घेईद."

नाक चोंदलं की असंच बोलतात. माळ निघेल तेव्हा, असं म्हणायचं होतं तिला. गाडीनं पहिला श्वास ओढला, तेव्हा माळेचं टोकच तिच्या नाकात शिरलं होतं. एवढी लांब माळ बांधायची कशाला?

मुंगी गेली माळेकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"माळबाई, माळबाई, निघ की जरा.
नळी श्वास घेईना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
खोबरं मिळेना."

माळ आत ऐसपैस बसली होती. म्हणाली, "मी नाही निघत. बाहेर ऊन आहे. शेळी ओढेल, तेव्हा मी निघेन."

अंगणात शेळी होती. सकाळी तिनं एक माळ खाल्ली होती, ही दुसरी. म्हणून अण्णांनी तिला खुंटीला बांधलं होतं. मुंगी गेली शेळीकडं. तुरुतुरु तुरुतुरु.

"शेळीमावशी, शेळीमावशी, ओढ की जरा.
माळ निघेना,
नळी श्वास घेईना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
खोबरं मिळेना."

शेळी म्हणाली, "मी नाही ओढत. ओढली असती गं, आनंदानं. पण गळ्यात दोरी आहे. अण्णा सोडतील, तेव्हा मी ओढेन."

मुंगी चढली अण्णांच्या सदऱ्यावर. तुरुतुरु तुरुतुरु. गेली कानापाशी.

"दामूअण्णा, दामूअण्णा, सोडा की जरा.
शेळी ओढेना,
माळ निघेना,
नळी श्वास घेईना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
खोबरं मिळेना."

अण्णा म्हणाले, "मी नाही सोडत. शेळी माळ खाईल. बॅटरी बदलीन, तेव्हा शेळी सोडीन."

आता काय? बॅटरीला तर काही झालंच नव्हतं. मुंगी खाली उतरली. मनाशी म्हणाली,

"अण्णा सोडीनात,
शेळी ओढेना,
माळ निघेना,
नळी श्वास घेईना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
खोबरं मिळेना.
आणि घरी पोरं झोपेनात."

पूजेला पायात चपला नसतात. अण्णांचा अंगठा समोरच होता. गोरा, गुबगुबीत. मुंगीनं दात लावले.

कच्च.

अण्णा उडाले. थय थय थय. अंगणभर नाचले. नाचता नाचता पाय खुंटीला लागला.

खुंटी उपटली, शेळी सुटली.
शेळी सुटली, माळ ओढली. चर्रर्र.
माळ निघाली, नळी शिंकली. आक्छी.
नळीनं श्वास घेतला, काकूंनी सेल्फ मारला, इंजिन फिरलं. घर्रर्र.
इंजिन फिरलं, चाक हललं.
चाक हललं, खोबरं मिळालं.

चपटं झालं होतं. बरंच झालं. चपटं खोबरं दारातून सरळ आत जातं. मुंगी तुकडा घेऊन घरी गेली. हुश्श हुश्श. पोरं जेवली, पोरं झोपली.

शेळीनं माळ संपवली. दामूअण्णा बॉनेट लावून अंगठा चोळत म्हणाले, "बघ, वायर हलवली म्हणून चालू झाली." काकू हसल्या आणि गाडी घेऊन निघून गेल्या.

मुंगीचं मुंगीला मिळालं. माझं राहिलं. गाडी बंद पडली, तेव्हा मी नुसता कुंपणापलीकडं उभा होतो. तरी आख्ख्या आळीत बोभाटा काय? या म्हाताऱ्याची दृष्ट लागली. माळ कुणाची? शेळी कुणाची? चावलं कोण? मी? तरी अजून माझी माफी मागायला आला नाही, दामू वाघचौरे.