भुरीचा कौल

वाळवंटाला अजून वाटा फुटायच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. लाखाजी नाईकाच्या तांड्यातली भुरी सांडणी चालता चालता मटकन बसली. काही केल्या उठेना.

"देवीने कौल दिला!" लाखाजीने हात जोडले. "गाव इथेच वसवायचं."

"कसला कौल, नाईक? पायात काटा रुतलाय. तेवढा काढा!" भुरी कळवळली.

तिच्या पायांवर डोकं ठेवायला रांग लागली, पण पाय उचलून कुणी पाहिला नाही. तिथे विहीर झाली, देऊळ उठलं, बाजार भरला. घंटा ऐकून ऐकून भुरीचं डोकं उठलं. वैतागून ती लंगडत लांब गेली आणि कळ सोसेना म्हणून पुन्हा बसली. लोक फावडी घेऊन हजर! तिथे नवी पेठ झाली. ती बसेल तिकडे गाव वाढत गेलं.

अखेर थकलेली भुरी वेशीबाहेर टेकली. म्हातारा लाखाजी हार घेऊन आला आणि तिच्या पायांशी वाकला.

"अरे मेल्या, वाकलाच आहेस तर तळव्याकडे बघ!" भुरी खेकसली.

लाखाजी गहिवरून गावाकडे वळला. "ऐकलंत? मातेला इथे तळं हवंय! कुदळी आणा रे!"