ठकूआत्याची फोडणी

वरंडीला मोटाररस्ता पोचला नव्हता, आणि कोकणातून वर यायचं तर निसणीची शिडीसारखी उभी वाट हातापायांनी चढावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. मी आजोबांना विचारलं होतं, तर ते म्हणाले, "माझ्या आजोबांना विचार." आता त्यांना कुठं गाठायचं? तेव्हा मी सांगतो तशी ऐका, आणि मध्येच कुणी 'खरंच का?' म्हणू नका. सांगणाऱ्याचा सूर तुटतो.

निसणीची वाट जिथं माथ्याला लागते, तिथून गावापर्यंत मोठा सडा आहे. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ. त्यावर ना झाड, ना बांध, आणि कितीही माणसं चालली तरी पायवाट उमटत नाही. श्रावणात या सड्यावर असं दाट धुकं उतरतं की आपलाच हात पुढं केला तरी तो शेजाऱ्याचा वाटतो. दोन्ही अंगांना खोल कडे. तिथं चुकलेला माणूस परत कोकणातच पोचायचा, पण पायऱ्या न उतरता.

सड्याच्या गावाकडच्या टोकाला ठकूआत्याची खानावळ होती. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, दारात लांबलचक ओटा. ती नक्की कुणाची आत्या, हे कुणालाच सांगता यायचं नाही. असं म्हणतात, ती नवऱ्याबरोबर घाट चढून आली, नवरा तापानं गेला, माघारी जायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिनं तिथंच चूल मांडली.

तिच्याकडं जेवण एकच. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, रानात त्या दिवशी जी उगवली असेल ती भाजी, आणि वाटीभर ताक. कुणी दुसरं काही मागितलं तर म्हणायची, "दुसरं तुज्या घरी. हितं ह्येच." मिठाची ओझी वाहणारा हमाल आला तरी हेच, आणि पालखीतून वतनदार आला तरी हेच, दोघंही एकाच पंगतीत. मोल म्हणाल तर ज्याच्या पदरी जे असेल ते. कुणी मूठभर मीठ द्यायचा, कुणी सुकी मासळी, कुणी चार आमसुलं. ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं वाटेत सापडलेलं एक लाकूड चुलीपाशी टाकायचं आणि पाट ओढून बसायचं. असं म्हणतात, तिच्या दारातून एकच माणूस न जेवता गेला. वेगळं पान मागणारा एक वतनदार होता तो, आणि तोही अर्ध्या सड्यावरून पालखी फिरवून परत आला.

त्याला परत आणलं ते फोडणीनं. ठकूआत्या कारळ्याचं तेल धुरावेपर्यंत तापवायची, त्यात ठेचलेला लसूण टाकायची आणि वरून लवंगी मिरची. त्याचा वास सडा ओलांडून थेट निसणीच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभा राहायचा. धुक्यात वर येणारा माणूस त्या वासाच्या रोखानं चालायचा आणि बरोबर ओट्यावर येऊन पोचायचा. म्हणून श्रावणभर ती उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं फोडणी घालत राहायची, मग खाणारं कुणी असो नसो. कोकणातल्या आया घाट चढणाऱ्या लेकरांना सांगायच्या, वर गेल्यावर डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, नाकामागं चाला.

वर्षातून एक दिवस मात्र ही फोडणी बंद असायची. तो दिवस नागपंचमीचा. त्या दिवशी चुलीवर तवा ठेवायचा नाही, विळी घ्यायची नाही, तेल तापवायचं नाही. उकडलेली दिंडं आणि बिनफोडणीचं वरण खायचं. नागोबाला चटका लागू नये म्हणून सगळीकडेच हे पाळतात, पण वरंडीत फार कडक. खानावळीच्या शेजारीच नागोबाचं वारूळ होतं, आणि त्याची पूजा रावजी गुरवाकडं. हा रावजी असा, की पंचमीला सकाळीच दारोदार फिरून तवे पालथे घातलेत का ते बघायचा. बायका त्याच्या तोंडावर हो म्हणायच्या आणि पाठीमागं हसायच्या. पण तवे पालथेच असायचे.

पंचमीला फोडणी नसली तरी कधी काही अडलं नव्हतं. गावच्या लेकी कोकणात दिलेल्या, त्या सणाला माहेरी यायच्या, पण आदल्या दिवशीच. त्या वर्षी मात्र खालच्या नदीला पूर आला आणि पोरी पलीकडच्या काठावर अडकल्या. रावजीची तानू त्यांच्यात होती. लग्नानंतरची तिची पहिलीच पंचमी, आणि तिला आणायला मुराळी म्हणून रावजीचा भाऊ दगडू गेला होता. पंचमीच्या सकाळी एक मीठवाला वर आला आणि म्हणाला, "पानी उतारलंय. पोरी निगाल्यात, दुपारपातूर येत्याल."

दुपार झाली. पोरी आल्या नाहीत. धुकं आलं.

गावानं काय काय करून बघितलं. ढोल वाजवले, पण कड्यांवर आदळून आवाज चहूकडून यायला लागला, आणि ढोल नेमका कुठं वाजतोय ते वाजवणाऱ्यालाही कळेना. दोन गडी घोंगड्या पांघरून शोधायला गेले आणि फिरून फिरून गावाच्याच मागच्या अंगाला निघाले. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. रावजी वारुळापुढं बसून होता. त्याच्या बायकोनं तिथंच जमिनीवर अंग टाकलं होतं.

तेव्हा ठकूआत्यानं लग्नकार्यातली मोठी कढई खाली काढली.

रावजी उठून तिच्या दारात आला. "आत्या, आज त्याल तापवायचं न्हाई."

"तुजी लेक सड्यावर हाय, रावजी."

"मला ठावं हाय. माजी हाय म्हनूनच मला हां म्हनता येत न्हाई. दुसऱ्याची असती तर मी देवाफुडं नाक घासून हां म्हनलं असतं. सगळ्यांचं तवं मी पालथं घालायला लावतो, आन् आज माज्या लेकीपायी कढई चढू देऊ?"

माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता, आणि त्याच्याविषयी मला वाईट वाटतं ते एवढ्याचसाठी.

ठकूआत्या म्हणाली, "मग तू नगं म्हनू. तू देवाकडं बग, मी चुलीकडं बगते."

ती आधी वारुळापाशी गेली. शेजारणीला सांगावं तसं तिनं नागोबाला सांगितलं, "पोरी तुज्याच सनाला याया निगाल्यात. त्या कड्याखाली गेल्या तर म्होरल्या साली तुला दूद कोन घालंल? लसूण ठेचते, चिरत न्हाई. तवा बी न्हाई, कढई ठेवते. येवडं करून बी राग आला तर माज्या एकटीवर काढ. गावाला हात लावू नगंस."

मग चूल पेटली. वाटसरूंनी टाकलेल्या लाकडांचा ढीग सगळा आत गेला. घराघरांतून बायका तेलाची बुधली घेऊन आल्या. सणासुदीला राखलेलं तेल होतं ते, पण एकीनंही हात आखडला नाही. लसूण वरवंट्यानं ठेचला, मिरच्या सुपानं ओतल्या. असं म्हणतात, त्या कढईतून असा जाळ उठला की छपराचं ओलं गवत कोरडं झालं.

पण वारा उलटा होता. सगळा वास आणि सगळा ठसका गावात शिरला. म्हातारी माणसं खोकून बेजार झाली, गोठ्यातली जनावरं शिंकायला लागली, आणि सड्याकडचं धुकं जसंच्या तसं उभं. ठकूआत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मिरचीचं की कशाचं, कोण सांगणार? ती फोडणीलाच म्हणत राहिली, "जा गं तिकडं, जा."

तेव्हा रावजी गुरव देवापुढून उठला. त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि चुलीच्या मागं उभा राहून सड्याच्या दिशेनं वारा घालायला लागला. नुसतं घोंगडं वर आणि खाली.

आणि त्याच वेळी वारुळातून नाग निघाला. असं म्हणतात, तो सरळ चुलीपाशी आला, माणसाच्या उंचीइतका उभा राहिला, आणि सुपाएवढा फणा काढून त्यानंही कढईवर वारा घातला. काहीजण म्हणतात, नाग वगैरे काही नव्हतं, धुरात रावजीचं घोंगडंच लोकांना फण्यासारखं दिसलं. माझं विचाराल तर दोघंही होते. एकट्या गुरवाच्या अंगात एवढं बळ नव्हतं, आणि एकट्या नागाला सड्याची वाट ठाऊक नव्हती.

वारा फिरला. वास धुक्यात घुसला, आणि भांग पाडावा तशी धुक्यात रेघ पडली.

तिकडं सड्यावर पोरी एकमेकींचे हात धरून, गोल करून बसल्या होत्या. तानूनं पुढं सगळं सांगितलं. ती म्हणायची, "आज आत्या त्याल तापवनार न्हाई, आमाला ठावं हुतं. माजाच बाप तापवू देनार न्हाई, ह्ये बी ठावं हुतं. तरी आमी नाक वर करून बसलो. दुसरं काय करनार?"

इकडं गावानं पदरांनी, मुंडाशांनी आपापली तोंडं दाबून धरली होती. आपल्याच शिंकांत पलीकडचं काही ऐकू येईना, म्हणून अख्खं गाव शिंका गिळून उभं होतं. पोरंसुद्धा गप्प. कढईचा तेवढा चरचर आवाज.

आणि धुक्यातून एक शिंक आली. पाठोपाठ दुसरी. मग तिसरी.

रावजीच्या हातातलं घोंगडं गळून पडलं. "माजी तानू," तो म्हणाला. "ल्हानपनापास्नं आशीच शिंकती. एकदा सुरू झाली की थांबत न्हाई."

मग सगळ्याच पोरींच्या शिंका यायला लागल्या, त्यांत दगडूचा घोगरा खोकला, आणि त्या आवाजामागून एकेक करून त्या धुक्यातून बाहेर आल्या. चिखलानं माखलेल्या, नाकं लाल झालेल्या. तानू बापाच्या पाया पडायला वाकली तर रावजी खालीच बसला आणि लहान मुलासारखा रडला. ठकूआत्या म्हणाली, "बसा पानावर. पाय मागनं धुवा." ती फोडणी तिनं बिनफोडणीच्या वरणात ओतली, आणि त्या पंचमीला सगळं गाव तिच्या ओट्यावर, अंगणात, जागा मिळेल तिथं बसून जेवलं. तसं वरण पुन्हा कधी झालं नाही, असं म्हणतात.

नागोबा कोपला नाही. त्या साली गावात कुणाला साप चावला नाही. पुढच्या साली एकाला चावला, पण तो ताडी पिऊन वारुळावर जाऊन बसला होता, त्याचं खापर ठकूआत्यावर कशाला?

पुढं ती खूप म्हातारी झाली. डोळे गेले, तरी तेल तापलं की नाही ते नुसत्या वासावरून ओळखायची. एका श्रावणात तिनं सकाळची फोडणी घातली, ओट्यावर येऊन बसली, आणि धुकं विरल्यावर लोकांनी पाहिलं तर ओटा मोकळा होता. ती कड्याकडं गेली म्हणावं तर तिला तिथली सगळी वाट पाठ. असं म्हणतात, कुणीतरी वाट चुकलं होतं, त्याला आणायला ती स्वतः गेली. गावानं तिचा बारावा-तेरावा केला नाही. परत येणाऱ्या माणसाचा तो करायचा नसतो.

आता घाटातून मोटारी येतात. खानावळीवर पत्रा आला, चुलीशेजारी गॅसही आला. खानावळ आता गुरवाच्या घरातली माणसं चालवतात. कधी आलात तर जेवून जा, कुणाच्याही खिशाला परवडतं. नाचणीची भाकरी, पिठलं, रानभाजी, ताक.

आणि पंचमीला या. आसपासच्या सगळ्या गावांत त्या दिवशी कढई झाकलेली असते, पण वरंडीत संध्याकाळी एक फोडणी होते. पहिलं पळीभर तेल गुरवाच्या घरचं. त्या वर्षी लग्न झालेली लेक आधी सड्यावर जाऊन उभी राहते, आणि सगळं गाव तोंडं दाबून ऐकत थांबतं. ती शिंकली की मगच पानं वाढतात.

इतर गावांत कुणी निघताना शिंकलं तर माणसं थबकतात, पाणी पिऊन मग बाहेर पडतात. वरंडीत तसं नाही. तिथं वर्षभरात कधीही, कुणाच्याही दारात, अगदी अनोळखी माणूस जरी शिंकला, तरी आतून बाई हाक मारते, "आलीस का बाय? ये, बस जेवायला."