लिंबाजी सासऱ्याच्या भट्टीवर बसतो

एका गावात एक भोळा जावई होता. नाव लिंबाजी. सांगितलं तेवढं तो करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. त्याला कंटाळून बायको, गोदी, माहेरी जाऊन बसली.

गोदीचा बाप येसबा लोहार. पेरणी तोंडावर आलेली. भट्टीपुढं ही रांग, कुणाचा फाळ, कुणाची कुऱ्हाड. त्यात लिंबाजी बायकोला न्यायला हजर. येसबा म्हणाला, "जावईबापू, आजचा दिवस नीट काम करून दाखवा. संध्याकाळी लेक घेऊन जा."

पहिलं काम दिलं भात्याचं. मी जेवून येतो, तोवर भाता थांबवू नका, म्हणाला. येसबा जेवला, पान खाल्लं, घटकाभर पडला. लिंबाजी भाता ओढतोच आहे. परत येऊन बघतो तर फाळ निखाऱ्यात पाघळून गेलेला. आता जावयाला अरेतुरे कसं करणार? येसबानं राग गिळला आणि सांगितलं, फार तापलं की पाण्याच्या डोणीत बुडवायचं.

तेवढ्यात सासू जावयासाठी तव्यावरची पुरणपोळी घेऊन आली. वाफा निघत होत्या. लिंबाजीनं ताटासकट डोणीत बुडवली. सासू कपाळाला हात लावून म्हणाली, अहो, गरम असलं तर हळूहळू फुंकर घालावी.

बरं. दुपारी पाटलाच्या गाडीचं चाक आलं. येसबानं लोखंडी धाव, म्हणजे चाकाची बाहेरची पट्टी, लाल करून चाकावर चढवली आणि पाणी आणायला आडावर पळाला. इकडं लाकूड धुमसायला लागलं. लिंबाजी चाकाजवळ उकिडवा बसला आणि प्रेमानं फुंकर घालत राहिला. येसबा बादल्या घेऊन येतो तर धाव तेवढी शाबूत, चाकाची राख. त्यानं घण उचलून ऐरणीवर तीनदा हाणला, मग म्हणाला, "जावईबापू, धूर दिसला की पाणी ओतायचं. चारी बाजूंनी. धूर थांबेपर्यंत."

संध्याकाळी पाटील चाक न्यायला आला. बाजेवर टेकला, चिलीम पेटवली, नाकातोंडातून धूर सोडला.

चार बादल्या लागल्या. पाटील रागानं फुसफुसत होता, म्हणून पाचवीही.

येसबानं हातच जोडले. "जावईबापू, घेऊन जा गोदीला. आत्ताच्या आत्ता निघा. आणि मागं वळून बघू नका."

गोदीनं गाठोडं बांधलं. लिंबाजी पुढं, गोदी मागं, अशी दोघं निघाली. ओढ्यात तिच्या पायात काटा मोडला. ती खाली बसली, हाका मारल्या, गाठोडं आपटलं. लिंबाजी नाकासमोर चालत राहिला. शेवटी गोदी उठली आणि लंगडत माहेरच्या वाटेला लागली.

लिंबाजी घरी पोचला. आई दारातच उभी होती.

"सून कुठाय रे?"

"मागं आहे."

"किती मागं?"

"ते बघायचं नाही, असं मामांनी सांगितलंय."

आणि रस्त्याकडं पाठ करून तो बायकोची वाट बघत बसला.