हुंगीची मान वर होईना

एक होती चिचुंद्री. एवढीशी! नाक लांब, डोळे बारीक. नाव तिचं हुंगी. चोर शोधायची तिला भारी हौस.

एकदा मैनाताईची मोत्याची बुगडी गेली. मैनाताई रडली. गाणं थांबलं.

हुंगी आली. लुडलुड लुडलुड! इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं. सूं सूं सूं! आणि सगळ्यांसमोर ओरडली, "बुगडी उचलायला नांग्या कोणाला? खेकड्याला! खेकडेकाका चोर!"

खेकडेकाका बिळात गेले. बाहेर आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी हुंगीने वर पाहिलं. उंबरावर कावळ्याचं घरटं. घरट्यात बुगडी. चमचम!

"अगं बाई! काका चोर नव्हतेच!"

हुंगीचे कान गरम झाले. मान खाली गेली.

लुडलुड लुडलुड, गेली कावळ्याकडे.

"कावळेदादा, बुगडी दे ना.
मैना गाणं गाईना,
माझी मान वर होईना."

"काव! पिल्लांना ऊन लागतं. उंबर सावली देईल, तर बुगडी देईन."

लुडलुड लुडलुड, गेली उंबराकडे.

"उंबरआजोबा, सावली द्या ना.
कावळा बुगडी देईना,
मैना गाणं गाईना,
माझी मान वर होईना."

"पानं सुकली गं. ओढा पाणी देईल, तर सावली देईन."

लुडलुड लुडलुड, गेली ओढ्याकडे.

"ओढेमामा, पाणी द्या ना.
उंबर सावली देईना,
कावळा बुगडी देईना,
मैना गाणं गाईना,
माझी मान वर होईना."

"मातीने वाट बुजली गं. खेकडा माती उकरेल, तर पाणी देईन."

खेकडा! हुंगीचे पाय जड झाले. लुड… लुड… लुड…

"खेकडेकाका, माती उकरा ना.
ओढा पाणी देईना,
उंबर सावली देईना,
कावळा बुगडी देईना,
मैना गाणं गाईना,
माझी मान वर होईना."

बिळातून आवाज आला, "चोराकडे कशाला आलीस?"

हुंगीने पंजात नाक लपवलं. "काका, मी चुकले."

"चोर म्हणालीस सगळ्यांसमोर. आणि चुकले म्हणतेस हळूच?"

हुंगी दगडावर चढली. सगळे बघत होते.

"ऐका हो ऐका! काका चोर नाहीत. मी उगीच बोलले. चूक माझी!"

काका बाहेर आले.

खेकड्याने माती उकरली. खरखर!
ओढ्याने पाणी दिलं. खळखळ!
उंबराने सावली दिली. सळसळ!
कावळ्याने बुगडी दिली. टप्पकन!
मैनेने गाणं म्हटलं.

"शाब्बास, हुंगी!" मैना म्हणाली.

"मला नको गं शाब्बासकी. काकांना दे."

काकांनी नांगी पुढे केली. "धर बघू."

हुंगीने अलगद धरली. नांगी चावली नाही. मग हळूच मान वर झाली.

हुंगी खुदकन हसली,
गोष्ट ओढ्याकाठी बसली.