कागदावर तसंच होतं

“मग मला इतकी वर्षं कशासाठी रडवलंत?”

सलीलने अजून बूटही काढले नव्हते. खांद्यावरची बेस गिटार खांद्यावरच होती. दारात उभं राहूनच त्याने विचारलं, आणि विचारताना त्याची नजर उजागरे सरांवर नव्हती, भिंतीवरच्या फळ्यावर होती.

फळ्यावर चार रेघा होत्या. बेसच्या चार तारांच्या चार. रेघांवर आकडे मांडलेले. कुठल्या तारेवर, गिटारच्या दांडीवरच्या कितव्या पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर, बोट ठेवायचं, तेवढंच सांगणारे. वाजवणारे ह्याला टॅब म्हणतात. त्यात स्वराचं नाव नसतं, तो किती वेळ धरायचा हेही नसतं. ज्याला नोटेशन वाचता येत नाही, त्याची सोय.

ह्याच फळ्यावर सलीलसाठी कायम पाच रेघा असायच्या. पाच रेघांचं नोटेशन. दुसरं काही ह्या खोलीत चालत नसे.

“आत ये,” सर म्हणाले.

“आधी उत्तर द्या.”

“प्रमिलाबाईंचा धडा चाललाय. ये, बस.”

प्रमिलाबाई क्षीरसागर मांडीवर बेस घेऊन खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या. चर्चमध्ये बेस वाजवणारा पोरगा कॅनडाला गेला, जागा रिकामी राहिली, कोणी पुढे येईना, म्हणून ह्याच आल्या होत्या. त्यांनी चटकन तारांवर हात ठेवून आवाज बंद केला.

“मी उद्या येते सर.”

“बसा तुम्ही.”

शांतवन उजागरे म्हणजे भिंगारचं जुनं माणूस. आधी लष्कराच्या बँडमध्ये, नंतर गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत त्यांनी बेस वाजवला होता. सत्तरीनंतर हात कापायला लागले. तार दाबली की स्वरच थरथरायचा. वाजवणं सुटलं, शिकवणं तेवढं राहिलं.

सलील त्यांच्याकडे आला तेव्हा शाळकरी होता. पहिलं वर्षभर सरांनी त्याला गिटार हातात धरू दिली नाही. टाळीवर वाच. बोलून वाच. आता गप्प राहून वाच. पुढेही रोज धडा संपताना सर म्हणायचे, आता कागद ठेव, नुसतं ऐक; सलील कागदच पुन्हा वाचायला घ्यायचा. बरोबरच्या पोरांनी बँड काढला, गॅदरिंगला वाजवलं, गणपतीत वाजवलं, पुण्याला जाऊन आली. त्यांनी सलीलला बोलावलं तेव्हा सर म्हणाले होते, वाचता आल्याशिवाय स्टेज नाही. त्या रात्री तो उशीत तोंड खुपसून रडला होता. आई सरांना विनवायला आली, तिलाही त्यांनी तेच सांगितलं.

पुढे वाचता आलं. असं आलं, की मुंबईच्या रेकॉर्डिंगवाल्यांत त्याचं नाव झालं. पान समोर ठेवा, पहिल्याच झटक्यात वाजवतो. टॅबवाल्यांना तो ‘आकडेवाले’ म्हणायचा, आणि तो शब्द तोंडातून थुंकल्यासारखा टाकायचा.

आता त्याने बूट काढले. सतरंजीवर बसला.

“तीन महिने झाले,” तो म्हणाला. “कामाचा एक फोन नाही.”

“का?”

“तेच विचारायला आलोय.”

सरांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“मोठं काम होतं. सगळा व्हायोलिनचा ताफा, समोर संगीतकार. मी वाजवतोय, तो थांबवतो. बेस कोण आहे, म्हणतो. म्हटलं, मी. पुन्हा घेऊ म्हणाला. पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबवलं. म्हणाला, जरा ऐका. म्हटलं, लिहिलंय तसंच वाजवतोय.”

“मग?”

“मग रेहान म्हणून एक गिटारवाला आहे. त्याला म्हणाला, तू घे बेस. सर, त्याला एक अक्षर वाचता येत नाही. त्याने व्हायोलिन एकदा ऐकू द्या म्हटलं. ऐकलं. माझ्याच पानाच्या मागे चार रेघा ओढल्या, आकडे टाकले, आणि वाजवलं. संगीतकार म्हणाला, झालं.”

“पानावर काय होतं?”

“लिहिणाऱ्याने एका स्वराआधीचं कोमलचं चिन्ह गाळलं होतं. नंतर त्यानेच कबूल केलं. सगळ्यांसमोर कबूल केलं. तरी फोन रेहानला जातात.” सलीलचा आवाज चढला होता. त्याने तो खाली आणला. “चूक कोणाची? लिहिणाऱ्याची. शिक्षा कोणाला? मला.”

“तो स्वर तुला टोचला का?”

“कागदावर तसंच होतं.”

“ते नाही विचारलं.”

“कागदावर तसंच होतं सर. तुम्हीच शिकवलंत. मनाचं घालायचं नाही. लिहिणाऱ्याचा मान ठेवायचा. तुमचेच शब्द आहेत.”

“टोचला का?”

“तीस माणसं वाजवत होती,” सलील म्हणाला. “त्यात काय टोचणार.”

सरांनी मान हलवली. रागाने नाही, होकाराने नाही. ज्याची खात्री होतीच ते कोणी येऊन सांगावं, तशी.

मग ते उठले. कपाटातून दोन कोरे कागद काढले, टेबलापाशी बसले आणि लिहू लागले. हात कापत होता, रेघा वाकड्या येत होत्या. एका कागदावर चार रेघा, आकडे. दुसऱ्यावर पाच रेघा, स्वर. प्रमिलाबाई मांडीवरच्या बेसकडे बघत राहिल्या. सलील फळ्याकडे बघायचं टाळत राहिला, आणि तरी त्याची नजर तिकडेच जात होती.

“उत्तम शुक्रवारसाठी, गुड फ्रायडेच्या उपासनेला, एक चाल केलीय,” सर म्हणाले. “अजून कोणाला ऐकवलेली नाही. मी गातो. खालचे स्वर तुम्ही द्या. आधी बाई, मग तू.”

आकड्यांचा कागद त्यांनी बाईंसमोर ठेवला.

“किती वेळ धरायचा प्रत्येक?” बाईंनी विचारलं.

“मी गातोय ना. त्यावरून बघा.”

सर गायला लागले. आवाज फुटका, पण सुरात. संथ, जड पावलांची चाल. बाई घाबरत घाबरत मागून आल्या. बोटं अडखळत होती, दोनदा तार नुसतीच वाजली. सलीलने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कंपाऊंडच्या भिंतीवर कोणीतरी गोधडी वाळत घातली होती.

चाल मध्यावर आली. बाईंचं बोट चौथ्या पडद्यावर गेलं, आणि मागे सरकून तिसऱ्यावर बसलं.

“सॉरी सर. चुकले. चार लिहिलंय.”

“पुन्हा.”

पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा त्या जागी बोट चौथ्यावर गेलं, क्षणभर घुटमळलं, तिसऱ्यावर आलं. बाईंनी हात उचलून पदराला पुसला.

“काय होतंय कळत नाही सर. तिथे बोट राहतच नाहीये.”

“असू द्या.”

सलीलला राहवलं नाही. “बाई, तिथे चार आहे. स्पष्ट चार. आकडेसुद्धा वाचायचे नसतील, तर मग...” वाक्य त्याने अर्धवट सोडलं. पुरं करायची गरज नव्हती.

बाईंचा चेहरा उतरला. “बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या.

“आता तू,” सर म्हणाले.

सलीलने गिटार काढली, तार लावून घेतली, कागद एकदा वरून खाली पाहिला. अवघड काहीच नव्हतं. सर गायला लागले आणि तो वाजवू लागला.

आणि वाजवलं त्याने सुरेख. ह्यात कोणी शंका घेऊ नये. प्रत्येक स्वर जेवढा धरायचा तेवढाच धरलेला, विसावा जिथे लिहिला तिथेच विसावा, तारेवर बोटाची खरखरसुद्धा नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल झाले. अशा वाजवण्यासाठी त्याने सगळं दिलं होतं, मित्र, बँड, वय. मध्यावर ती जागा आली, त्याचं बोट लिहिलं होतं तिथे जाऊन ठामपणे बसलं, आणि त्याच वेळी प्रमिलाबाईंनी मान खाली घातली. आता ओशाळल्या, असं त्याला वाटलं. सरांचा आवाज जराही न हलता पुढे गेला.

शेवटचा स्वर त्याने हळू सोडला.

“एकही चूक नाही,” तो म्हणाला. बढाई म्हणून नाही. तसं होतंच.

सर बाईंकडे वळले. “सांगा.”

“मी काय सांगणार सर.”

“त्या जागेचं सांगा.”

बाईंनी सलीलकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. “मला... तिसराच पडदा बरा वाटत होता. चौथा लागला की तुमच्या गाण्याला कुठेतरी... खरचटल्यासारखं होतं. यांनी वाजवलं तेव्हाही झालं. माझंच काहीतरी चुकत असेल.”

“तुमचं नाही चुकलं. कागद चुकीचा आहे,” सर म्हणाले. “दोघांचाही. एकाच जागी.”

सलीलने कागद उचलला. त्या स्वराआधी तीव्रचं, स्वर एक पडदा वर नेणारं, चिन्ह होतं. कापऱ्या हाताने काढलेलं, पण स्पष्ट.

“तुम्ही मुद्दाम लिहिलंत.”

“हो.”

“माझी परीक्षा घेतलीत. ह्यांच्यासमोर.”

“हो.”

“हे बरं नाही केलंत.”

“नाही केलं,” सर म्हणाले.

तो उठून जाईल असं बाईंना वाटलं. पण तो उठला नाही. “पुन्हा गा,” म्हणाला. “तेवढीच ओळ.”

सरांनी ओळ गायली. सलीलने लिहिलेला स्वर वाजवला. सरांनी पुन्हा ओळ गायली. ह्या वेळी त्याने चिन्ह नाही असं धरून वाजवला. मग पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा. डोळे मिटून एकदा, उघडे ठेवून एकदा. दोन स्वर वेगळे आहेत, हे त्याला कळत होतं. त्यांची नावं त्याला झोपेतही सांगता आली असती. त्यांतला कुठला ह्या गाण्याचा आहे, ते मात्र कागदाकडे पाहिल्याशिवाय सांगता येईना.

कागदाकडे पाहून उपयोग नव्हता.

सरांचा आवाज थकला होता. तरी तो म्हणेल तितक्या वेळा ते गात राहिले. शेवटी सलीलनेच गिटार बाजूला ठेवली.

प्रमिलाबाई उठल्या. “मी चहा टाकते,” म्हणाल्या आणि आत गेल्या. आत बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

“त्यांना आकडे का शिकवता?” सलीलने विचारलं. आवाजात आता भांडण नव्हतं.

“त्यांना आकडे लागत नाहीत. धीर लागतो. समोर कागद असला की बसतात.”

“आणि रेहानला?”

“मी त्याला ओळखत नाही. पण तू म्हणालास, त्याने आधी ऐकायला मागितलं.”

“मला नोटेशन का?”

कापणारा उजवा हात सरांनी डाव्या हाताखाली दाबून धरला.

“मला नोटेशन का दिलंत सर?”

“तू आलास तेव्हा तुला ऐकू येत नव्हतं. बोटं चांगली होती. डोळे तर फारच चांगले. म्हटलं, डोळ्यांनी सुरुवात करू. रोज दिसतंय ते एक दिवस ऐकूही यायला लागेल.”

“माझे मित्र तुम्ही तोडलेत.”

“त्यांच्याबरोबर उभा राहिला असतास तर त्यांनी चार दिवसांत काढलं असतं तुला. त्या वयात ते सोसलं नसतं.”

“आणि आत्ता सोसतं?”

सलील हातातल्या कागदाची घडी घालत होता. अर्धी, त्याची अर्धी, त्याची अर्धी. घडी घालायला जागा उरली नाही तेव्हा थांबला.

“नाही आलं ऐकू, हे तुम्हाला कधी कळलं?”

“तू मुंबईला निघालास त्याच्या आधी.”

“आधी.”

“बरंच आधी.”

“स्टेशनवर तुम्ही मला सोडायला आला होतात. पाठीवर हात ठेवला होतात माझ्या.”

“हो.”

आत कपबशा वाजल्या. सलीलने मान वर केली. डोळे लाल होते, पण तो रडत नव्हता.

“मग तेव्हा सांगितलं का नाहीत, सर? एकदा, एकदा तरी सांगायचं होतं.”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

“रोज सांगत होतो, सलील.”