मागचं दार

कुडाळच्या कुमुदबाई नेवगी एकट्याच राहत. नवरा गेला, लेक सासरी दूरदेशी गेली आणि पुढच्या दाराने येणारं कुणी उरलंच नाही. मग बाईंनी त्या दाराला कुलूप घातलं आणि मागच्या दारानेच वावरू लागल्या.

एके दिवशी पोस्टमन बँकेचं रजिस्टर पत्र घेऊन आला. वर्षातलं पहिलंच पत्र! बाईंनी हौसेने सही केली, चष्मा पुसून वाचलं, तर आत लिहिलेलं: ‘आपण दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याने आपले खाते बंद केले आहे.’

चार दिवसांनी बाई बँकेत हजर. मॅनेजर रावराणे मान वर न करता म्हणाले, “आमचा माणूस तीनदा येऊन गेला. दाराला कुलूप! तुम्ही तिथे राहत नाही असं कागद सांगतो, बाई. कागदापुढे आम्ही कोण?”

“खरंय. मग माझ्या फाईलमधला दुसरा कागदही बघा. तुमच्या पत्राची पोचपावती आली असेल.”

रावराण्यांनी फाईल उघडली. पावतीवर पत्ता तोच, खाली सही कुमुदबाईंची.

“मी तिथे राहत नाही, हे तुम्ही मला तिथेच कळवलंत,” बाई म्हणाल्या. “पोस्टमन मागच्या दाराने आला. तुमचा माणूस कुलूप बघूनच फिरला. आता कुठला कागद खरा मानू?”

रावराण्यांनी खातं सुरू करून दिलं आणि ओशाळून विचारलं, “आणखी काही काम?”

बाई दारापाशी थांबल्या.

“मी सापडत नाही, असं अधूनमधून कळवत जा हो. कुणीतरी शोधतंय, एवढं तरी वाटतं.”