कातळावरची विद्या

पूर्वी शंखावती नगरीत दृढकीर्ती नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीपलीकडच्या अरण्यात वानर होऊन जन्मला होता. अंगाने तो धिप्पाड होता, स्वभावाने शांत होता आणि एका मोठ्या कळपाचा नायक होता. कळपात भांडण झाले की तो नुसता जवळ जाऊन बसे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच ते मिटे.

त्या अरण्यात रानबदामाची झाडे दाट होती. उन्हाळ्यात नदी आणि झरे आटत, फळे संपत, तेव्हा खाली पडलेले वाळके बदामच काय ते खायला उरत. पण त्यांचे कवच दातांना दाद देत नसे. नदीकाठी एक रुंद कातळ होता. त्यावर बसून कळपातली जाणती वानरे दगडाने बदाम फोडीत. पिढ्यान्‌पिढ्या घाव बसून कातळाला वाटीएवढे खळगे पडले होते. बदाम खळग्यात कसा बसवायचा, दगड केवढा घ्यायचा, घाव कुठे घालायचा, हे सगळे ठरलेले असे. घाव हलका पडला तर कवच फुटत नसे आणि जोरात पडला तर गराचा भुगा होई. पिल्ले मोठ्यांना खेटून बसत, सांडलेले कण उचलून खात, टक लावून पाहत आणि मग स्वतः दगड उचलून बोटे ठेचून घेत. असे कितीतरी उन्हाळे गेले म्हणजे एखाद्याचा हात बसे. बोधिसत्त्वाची म्हातारी आई पाटला या कामात सर्वांत निष्णात होती. पिल्ले तिच्या हातातला गरसुद्धा ओढून घेत, पण तिने कधी कुणाला हाकलले नाही.

नगरात वसुगुप्त नावाचा एक श्रेष्ठी होता. राजाच्या केसांना लावायचे सुगंधी तेल तोच राजवाड्यात पाठवी. रानबदामाचा अखंड गर मिळाला तर तेल उत्तम निघे, पण त्याच्या गड्यांच्या हातून गर नेहमी चुरडून जाई. एकदा नदीकाठाने जाताना त्याने कातळावरची वानरे पाहिली, आणि घरी जाताच पारध्यांना बोलावले.

बोधिसत्त्व तरुण वानरांना घेऊन पाणी शोधायला डोंगरात गेला होता, त्या सकाळी पारध्यांनी कातळावर जाळी टाकली. बदाम फोडायला बसलेली सगळी जाणती वानरे तीत सापडली. पिल्लांना पारध्यांनी काठ्यांनी हुसकून लावले, कारण त्यांचा काही उपयोग नव्हता.

बोधिसत्त्व परतला तेव्हा कातळावर दगड तेवढे पडले होते. पारध्यांच्या तोंडी वसुगुप्त श्रेष्ठीचे नाव ऐकल्याचे पिल्लांनी त्याला सांगितले. त्याने एक दगड उचलला आणि बदाम फोडायला सुरुवात केली. त्याला ते येत होते, पण तोंडे फार होती आणि हात दोनच. तरुणांपैकी कुणाचाच हात अजून बसला नव्हता. तळवे सोलवटून निघेपर्यंत तो बदाम फोडीत राही आणि तरी निम्मी पिल्ले उपाशी झोपत. एके सकाळी एक पिल्लू झाडाखाली गार पडलेले दिसले. त्याच्या मुठीत न फुटलेला बदाम तसाच होता.

तो बदाम पाहिला आणि शांत स्वभावाच्या त्या नायकाच्या अंगाची आग झाली.

शरभ नावाचा तरुण वानर पुढे येऊन म्हणाला, "नायका, आता काय बघत बसायचे? चल, त्या श्रेष्ठीचे घर उलथून टाकू. त्याचे मूल उचलून आणू. त्यालाही कळू दे!"

"राग मलाही आला आहे, शरभा," बोधिसत्त्व म्हणाला. "तुझ्याहून जास्त आला आहे. पण त्याच्या मुलाने आपले काय नेले? ज्याने नेले त्यालाच मी विचारीन, आणि सगळ्यांदेखत विचारीन."

तो एकटाच नदी ओलांडून श्रेष्ठीच्या वाड्यात गेला. परसात वानरे कमरेला दोर बांधून ओळीने बसवली होती. जो थांबेल त्याच्या पाठीवर वेताची छडी बसत होती. पाटलेने मुलाला ओळखले. "लेकरा," ती पुटपुटली, "तिकडे पोरे काय खातात?"

इतक्यात वसुगुप्त बाहेर आला. एवढा मोठा वानर पाहून तो आधी दचकला, मग हसून म्हणाला, "तू यांचा नायक ना? असे कर, तुझी म्हातारी घेऊन जा. वर रोज टोपलीभर उंबरे पाठवतो. बाकीच्यांना मात्र इथे गुमान बसायला सांग."

बोधिसत्त्वाने आईकडे पाहिले. तिने मान फिरवली. तिला काय हवे आहे ते त्याला कळले.

"माझ्या आईची सुटका मला अशी नको," तो म्हणाला आणि थेट राजसभेत गेला.

राजाने त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. तोवर वसुगुप्तही धावत येऊन पोहोचला होता. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, शेकडो वानरांतली मूठभर मी आपल्या केसांच्या तेलासाठी आणली. बदाम फोडणे त्यांच्या रक्तातच आहे. बदकाच्या पिल्लाला पोहणे कोण शिकवते? उरलेली वानरे आपोआप फोडतील."

सभेतले काही जण हसले. बोधिसत्त्वाचा आवाज चढला.

"रक्तात आहे? मग आमची पोरे उपाशी का मरतात? महाराज, माझे ऐकू नका. स्वतःच्या डोळ्यांनी पाहा."

राजाने अरण्यातून एक पिल्लू आणवले आणि त्याच्यापुढे दगड व बदाम ठेवला. भुकेल्या पिल्लाने दगड आपटला, तसा बदाम उडून दूर गेला. त्याने तो पुन्हा आणला, पुन्हा आपटला, मग दातांनी कुरतडला आणि शेवटी मांडीशी धरून ते रडू लागले.

मग पाटलेला आणले. दोर तिच्या कमरेला तसाच होता. सेवकाने बदाम पुढे केला, तिने हात लावला नाही. त्याने छडी उगारली, तरी ती हलली नाही. एवढ्यात पिल्लू धावत येऊन तिला बिलगले. तेव्हा तिने दगड उचलला, पिल्लाला नीट दिसावे म्हणून अंग थोडे वळवले, अगदी सावकाश घाव घातला आणि अख्खा गर त्याच्यापुढे ठेवला. सभेत कुणी हसले नाही.

वसुगुप्त मात्र उत्साहाने म्हणाला, "मग सोपेच झाले, महाराज! पिल्लेही माझ्या परसात आणू. तिथेच शिकतील!"

"काय बोललास?" बोधिसत्त्व कडाडला. "उद्या कुणी या नगरातल्या सगळ्या सुइणी, सगळे लोहार, सगळे वैद्य दोराला बांधून नेले आणि म्हणाला, आता तुमची मुलेही आणा, त्यांनाही दोर बांधतो, तर त्याला तू सोपे म्हणशील? महाराज, आज सकाळी आपण केसांना जे तेल लावले, ते आमच्या पिल्लांच्या तोंडातून काढलेले आहे."

राजाचा हात नकळत डोक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. तो सिंहासनावरून उतरला आणि पाटलेच्या कमरेचा दोर त्याने स्वतः सोडला. सर्व वानरांना मोकळे करण्याची आणि त्या अरण्यात पुन्हा कुणी जाळे न टाकण्याची आज्ञा दिली. सेवक वसुगुप्ताला फटके मारायला निघाले, तेव्हा बोधिसत्त्वानेच त्यांना अडवले.

पण सगळी वानरे परत आली नाहीत. दीर्घकर्ण नावाचा एक म्हातारा वानर परसातच मेला होता. चघळलेल्या पानांचा बोळा झाडाच्या ढोलीत घालून खोलवरचे पाणी काढणे त्या कळपात त्याला एकट्यालाच येत होते. राजाने फार क्षमा मागितली. बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, क्षमा मी करतो. पण ते पाणी आता कुणी काढू शकणार नाही."

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "विणकर आळीतल्या जाणत्या बायांना ज्याने बळजबरीने आपल्या वाड्यात डांबले आणि ज्याच्यावर तुम्ही आज संतापला आहात, तोच गृहस्थ तेव्हा वसुगुप्त होता. त्यांना सोडवून आणणारा नगरप्रमुख हा दृढकीर्ती राजा होता. अजूनही मुठी आवळून बसलेला हा भिक्षू सुनेत्र म्हणजे शरभ. वृद्ध भिक्षुणी पुंडरीका ही पाटला होती, आणि वानरांचा नायक मीच होतो. भिक्षूंनो, अन्याय पाहून मूग गिळून बसू नका आणि हातही उगारू नका. जे खरे आहे ते बलवानाच्या तोंडावर बोला. हीच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता."